बुडालेले धन कोणाचे?

गुप्तधनाच्या गोष्टींचा कंटाळा आलेला मनुष्य आमच्या पाहण्यात नाही. आपल्या किनारपट्टीवर असे जुने गाव क्वचितच असेल, की जिथल्या पडक्या मठाच्या भिंतीत, बावखलाच्या तळाशी किंवा वडाच्या मुळाशी मोहरांचा हंडा पुरलेला असल्याची वदंता नाही. त्या हंड्यावर नाग बसलेला असतो आणि जो कोणी त्याला हात लावील त्याचा निर्वंश होतो, अशी पुस्तीही तिला जोडलेली असते. धर्मगुरू या नात्याने आम्ही अशा नागांवर विश्वास ठेवीत नाही. तथापि लोकांच्या कल्पनेने धनाच्या हंड्यावर पहारेकरी का बसविला असावा, याचा विचार करताना आम्हांला नेहमी असे वाटत आले आहे, की पुरलेले धन बेवारशी दिसले तरी त्याच्यामागे कुणाची तरी हाय असते, ही जाणीव लोकमनात खोल रुजलेली आहे. तिनेच नागाचे रूप घेतले असावे.

समुद्राच्या तळाशी बुडालेल्या धनावर मात्र नाग बसलेला नसतो. ते वर येईपर्यंत त्याची कुणी विचारपूसही करीत नाही. ते वर आले की सापडविणारा म्हणतो, हे माझे; ज्याचा किनारा ते सरकार म्हणते, हे आमचे; जहाज ज्याचे होते तो देशही जागा होतो. मग वर्षानुवर्षे न्यायालयांत वाद चालतात. चाच्यांनी लुटून नेलेल्या आणि नंतर बुडालेल्या धनाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो, कारण तिथे मूळचा धनी, लुटारू, सापडविणारा आणि सरकार असे चारजण एकाच वस्तूकडे हात पसरून उभे असतात. हा विषय आम्ही येथे घेतला आहे तो केवळ त्याच्या रंजकतेसाठी नव्हे. अशा एका बुडालेल्या जहाजाचा आपल्या ख्रिस्तसभेशी आणि गोव्याशी जवळचा संबंध आहे, आणि त्यावरून आमच्या धर्मग्रामात गेल्या वर्षी बराच खल झाला.

त्या जहाजाचे नाव ‘नोसा सेन्योरा दो काबो’, म्हणजे भूशिराची आमची माता. १७२१ च्या आरंभी ते गोव्याहून लिस्बनला निघाले. मुदत संपलेले पोर्तुगीज व्हाइसरॉय, एरिसेराचे काउंट, त्यावर होते. गोव्याचे आर्चबिशपही त्याच जहाजावर होते, असे सांगतात. जहाजात हिरे होते, रेशीम होते, सोन्याचांदीच्या वस्तू होत्या आणि पूजाविधीची मौल्यवान उपकरणे होती. हिंदी महासागरात वादळाने त्याच्या डोलकाठ्या मोडल्या. जहाज तरते राहावे म्हणून बहुतेक तोफा समुद्रात लोटून द्याव्या लागल्या. असे लुळेपांगळे झालेले ते जहाज डागडुजीसाठी बूर्बो बेटाच्या, म्हणजे आजच्या रेयुनियों बेटाच्या आश्रयाला नांगर टाकून उभे असताना, एप्रिल १७२१ मध्ये दोन चाच्यांनी त्यावर झडप घातली. एक होता फ्रेंच, ओलिव्हिए लव्हासर, ज्याला लोक ‘ला ब्यूझ’ म्हणजे शिकारी पक्षी म्हणत. दुसरा इंग्रज, जॉन टेलर. तोफाच नसलेल्या जहाजाचा पाडाव व्हायला किती वेळ लागणार? व्हाइसरॉयांची खंडणी देऊन सुटका झाली. चाचेगिरीच्या साऱ्या इतिहासात इतकी मोठी लूट क्वचितच कुणाच्या हाती लागली असेल.

ती लूट चाच्यांनी मादागास्करच्या किनाऱ्याजवळील सेंट मेरी बेटाकडे नेली. तेथील लोक या बेटाला नोसी बोराहा म्हणतात. पवित्र मातेच्या नावाचे जहाज, पवित्र मातेच्याच नावाच्या बेटावर, पण चाच्यांच्या स्वाधीन! वाटणीच्या वेळचा एक किस्सा त्या काळी छापल्या गेलेल्या चाच्यांच्या इंग्रजी इतिहासात नमूद आहे. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४२ लहान हिरे आले. एकाला मात्र त्या ४२ हिऱ्यांच्या मोलाचा एकच मोठा हिरा देण्यात आला. तो गडी नाराज झाला. त्याने हिरा खलबत्त्यात घालून कुटला आणि आता आपल्याकडे ४३ तुकडे झाले, म्हणजे आपला वाटा सर्वांहून मोठा, असे तो फुशारकीने सांगत सुटला. हा किस्सा आम्ही प्रवचनात एकदा सांगितला, तेव्हा चर्चमध्ये हशा पिकला. मात्र त्या हिऱ्याची आठवण या लेखात आम्हांला पुन्हा करावी लागेल.

लव्हासरला पुढे नऊ वर्षांनी, ७ जुलै १७३० रोजी, रेयुनियों बेटावर फाशी देण्यात आले. फासाच्या चौथऱ्यावरून त्याने गूढ लिपीतला एक कागद जमावात भिरकावला आणि ज्याला तो उलगडेल त्याला आपले धन मिळेल असे तो ओरडला, अशी दंतकथा आहे. गोव्याचा रत्नजडित सोन्याचा अवाढव्य क्रूस त्या धनात होता, असेही त्या दंतकथेत गोवलेले आहे. सेशेल्समधील माहे बेटावर एका इंग्रजाने १९४९ पासून या धनासाठी खोदकाम केले आणि त्याच्यामागे त्याच्या मुलाने. बापलेकांचे आयुष्य खडक फोडण्यात गेले, क्रूस काही सापडला नाही.

सापडले ते दुसरेच काही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकन संशोधकांनी जाहीर केले, की सेंट मेरी बेटाच्या बंदरात, आंबोदिफोतात्रा येथे, चिखलात रुतलेले एक जहाज ‘नोसा सेन्योरा दो काबो’च असावे, असा निष्कर्ष त्यांनी सोळा वर्षांच्या अभ्यासानंतर काढला आहे. तेथून ३,३०० हून अधिक वस्तू वर काढण्यात आल्या आहेत. त्यांत पवित्र मरियेची मूर्ती आहे, क्रूसमूर्तीचा भाग आहे आणि हस्तिदंताची एक पट्टिका आहे. पट्टिकेवर सोनेरी अक्षरे आहेत : आय, एन, आर, आय. प्रत्येक क्रूसाच्या शिरोभागी असलेली ती चार अक्षरे आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाहीत? नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा. दोन लुटारूंच्या मध्ये ज्याला खिळले गेले त्याच्या नावाची पाटी लुटारूंच्याच हाती गेली आणि तीनशे वर्षे त्यांच्या बंदराच्या गाळात पडून राहिली.

ही बातमी आमच्या युवक मंडळापर्यंत पोहोचली आणि पुढच्याच रविवारी मिस्सानंतर सात-आठ मुले-मुली एक निवेदन घेऊन आमच्याकडे आली. या पवित्र वस्तू गोव्याच्या आहेत. त्या जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात परत आणाव्यात. त्यासाठी भारत सरकारने आणि चर्चच्या अधिकाऱ्यांनी मागणी करावी, असा त्याचा मथितार्थ होता. “फादर, तुम्ही धर्मग्रामाच्या वतीने सही करा,” असा त्यांचा आग्रह होता. मुलांचा उत्साह पाहून आम्हांला आनंद झाला. आपल्या वारशाविषयी तरुणांना आस्था वाटू लागली आहे, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. तरी सहीसाठी लेखणी उचलण्यापूर्वी आम्ही त्यांच्याकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या आठ दिवसांत आम्हांला सेमिनरीतील नीतिशास्त्राचे तास आठवले. आमचे वृद्ध प्राध्यापक सातव्या आज्ञेवर बोलू लागले, की ‘चोरी करू नये’ एवढ्यावर ते कधी थांबत नसत. चोरी करणाऱ्याच्या पापाला क्षमा आहे, ते म्हणत, पण चोरलेली वस्तू घरात ठेवून क्षमा मागणाऱ्याला ती कशी मिळावी? परतफेड हा त्या आज्ञेचा उत्तरार्ध आहे, असे ते आम्हांला बजावीत. ‘रेस क्लामात दॉमिनो’ हे एक जुने लॅटिन सूत्र त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतले होते. वस्तू आपल्या धन्यासाठी आक्रोश करीत असते, असा त्याचा अर्थ. चोराच्या हाती, चोराकडून विकत घेणाऱ्याच्या हाती, त्याच्या नातवाच्या हाती ती गेली, तरी तिचा आक्रोश थांबत नाही. लोककथेतला हंड्यावरचा नाग आणि हे लॅटिन सूत्र यांत आम्हांला पुष्कळच साम्य दिसते.

संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात चोरीचा विचार करताना सापडलेल्या धनाचा प्रश्नही घेतला आहे. तेराव्या शतकातील या पंडिताने केलेली विभागणी आजही न्यायाधीशांच्या उपयोगी पडावी. काही वस्तू अशा, की ज्यांना कधी धनीच नव्हता, उदाहरणार्थ समुद्रकिनारी सापडलेली रत्ने. त्या सापडणाऱ्याच्या. फार पूर्वी पुरलेले आणि आता धनी उरलेला नाही असे धनही सापडणाऱ्याचेच. मात्र दुसऱ्याच्या जमिनीत ते सापडले, तर नागरी कायद्याप्रमाणे निम्मे जमीनमालकाचे. आणि जी वस्तू कुणाची तरी नुकतीच हरवलेली आहे, ती परत करण्याच्या हेतूनेच उचलावी, अन्यथा ती चोरी. शेतात लपविलेल्या ठेवीचा दाखला आपण मत्तयच्या शुभवर्तमानात वाचतो. त्या मनुष्याने सर्वस्व विकून ते शेत आधी विकत का घेतले, याचा उलगडा संत थॉमस याच ठिकाणी करतात : निम्म्या ठेवीवर समाधान मानण्याऐवजी सगळीच ठेव न्यायाने आपली व्हावी, म्हणून. आपल्या देशातही १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास कलेक्टरला कळवावे लागते. धनी पुढे आला नाही आणि सापडणारा व जमीनमालक यांच्यात आपसांत ठरले नाही, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जमीनमालकाला, असा त्याचा हिशेब आहे.

जमिनीला बांध असतो, समुद्राला नाही. म्हणून समुद्रावरील धनासाठी पाश्चात्त्य न्यायालयांनी दोन वेगळी तत्त्वे वापरली. जहाज संकटात सापडले, त्यातील माल कुणी जिवावर उदार होऊन वाचविला, तर माल धन्याचाच राहतो. वाचविणाऱ्याला भरघोस मोबदला मिळतो. हे पहिले तत्त्व. पण धन्याने त्या मालावर कायमचे पाणी सोडले असेल, तर तो सापडणाऱ्याचा. हे दुसरे. सारे वाद या दोहोंच्या मधल्या जागेत उभे राहतात. धन्याने खरोखर पाणी सोडले होते का? आणि धनी तरी कोण?

‘व्हिडा’ जहाजाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. आजच्या बेनिन देशातील उइदा या बंदराचे नाव या इंग्रजी जहाजाला दिलेले होते, आणि ते बंदर गुलामांच्या व्यापारासाठी कुप्रसिद्ध होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तीनशेहून अधिक माणसे खचाखच भरून ‘व्हिडा’ने ती वेस्ट इंडीजमध्ये विकली आणि त्यांच्या किमतीचे सोनेचांदी घेऊन ते इंग्लंडकडे परतत होते. १७१७ च्या फेब्रुवारीत सॅम्युएल बेलामी या चाच्याने तीन दिवस पाठलाग करून ते पकडले. दोनच महिन्यांनी, २६ एप्रिल १७१७ च्या रात्री, मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड किनाऱ्यावर वादळात ते फुटले. जहाजावरील सुमारे दीडशे माणसांपैकी दोघेच जिवंत किनाऱ्याला लागले. एक होता थॉमस डेव्हिस नावाचा सुतार. चाच्यांनी त्याला बळजबरीने धरून ठेवले होते, हे पटल्याने न्यायालयाने त्याला सोडून दिले. दुसरा होता जॉन ज्युलियन, मध्य अमेरिकेतील मिस्कितो जमातीचा. त्याला गुलाम म्हणून विकण्यात आले, असे सांगतात. त्याच वादळात सोबतचे एक छोटे जहाजही किनाऱ्याला लागले होते. त्यावरील सहा चाच्यांना त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला बोस्टनमध्ये फाशी झाली.

गव्हर्नरने कॅप्टन सायप्रियन साउथॅक यांना माल जप्त करण्यासाठी पाठविले, परंतु ते पोहोचण्यापूर्वीच किनाऱ्यावरील गावकऱ्यांनी हाती लागेल ते गाड्यांत भरून नेले होते. विचारले तर कुणी काही पाहिलेच नव्हते! साउथॅक यांनी निदान बुडालेल्या जागेचा नकाशा काढून ठेवला. २६७ वर्षांनी, १९८४ मध्ये, बॅरी क्लिफर्ड यांनी त्याच नकाशाच्या आधारे ते जहाज शोधून काढले. पुढच्या वर्षी जहाजाची घंटा वर आली, तिच्यावर जहाजाचे नाव आणि १७१६ हे साल कोरलेले होते, आणि शंकेला जागा उरली नाही. सरकार विरुद्ध सापडविणारा असा खटला उभा राहिला. १९८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : सारे काही सापडविणाऱ्याचे. त्याच वर्षी अमेरिकेत नवा कायदा अमलात आला आणि राज्यांच्या किनाऱ्यालगत रुतलेल्या बेवारस जहाजांची मालकी त्या त्या राज्यांकडे गेली, पण ‘व्हिडा’ला तो लागू झाला नाही. क्लिफर्ड यांच्याविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्यांनी ती नाणी किरकोळीने विकून टाकली नाहीत. दोन लाखांहून अधिक वस्तू त्यांनी एकत्र ठेवल्या आणि २०१६ मध्ये त्यांचे संग्रहालय उघडले.

त्या वस्तूंत पश्चिम आफ्रिकेतील आकान लोकांचे सोन्याचे दागिने आहेत. काही तोडलेले आहेत, कारण चाच्यांनी सोने वजनाने वाटून घेतले होते. आम्ही त्यांची छायाचित्रे पुष्कळ वेळ न्याहाळली. नाजूक कलाकुसर केलेला तो मणी कुण्या आईने मुलीच्या गळ्यात घातला असेल? खटल्यात सरकार होते, कंपनी होती, नामांकित वकील होते. आकान लोकांच्या वतीने तिथे कुणीही उभे नव्हते. १९९० च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडातील टॅम्पा शहरात ‘व्हिडा’चे मोठे संग्रहालय उभारण्याचा बेत पुढे आला, तेव्हा तेथील कृष्णवर्णीय नागरिकांनी विरोध केला. ज्या जहाजातून आमचे पूर्वज साखळदंडांत नेले गेले, तिथे तुम्ही चाच्यांच्या गमतीजमतीचा खेळ मांडणार का, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तो बेत तिथे बारगळला. आमच्या मते, मूळ प्रश्न त्या दिवशी प्रथमच कुणीतरी विचारला.

अशीच गत ‘मेर्सेदेस’ या स्पॅनिश जहाजाची झाली. ते चाच्यांचे नव्हते. १८०४ मध्ये इंग्रजी आरमाराशी झालेल्या चकमकीत त्याचा स्फोट होऊन ते पोर्तुगालजवळ बुडाले. २००७ मध्ये एका अमेरिकन कंपनीने त्यातील सुमारे ५,९४,००० नाणी, वजनाने १७ टन, वर काढून विमानाने अमेरिकेत नेली. न्यायालयाने सांगितले, की हे स्पेनच्या आरमाराचे जहाज, सबब सर्व काही स्पेनचे. २०१२ मध्ये ती नाणी स्पेनला परत गेली. पेरू देशाने म्हणून पाहिले, की ही चांदी आमच्या डोंगरांतून निघाली, ही नाणी आमच्या टांकसाळीत पडली. त्याचे कुणी ऐकले नाही. ज्या आदिवासींना वेठीने खाणींत उतरविले गेले, त्यांच्यापर्यंत तर ही बातमी पोहोचण्याचाही संभव नव्हता.

या विचारात असताना आम्ही एका संध्याकाळी बंदरावर गेलो. आमच्या धर्मग्रामातील एक वयोवृद्ध नाखवा तेथे जाळे तुणीत बसले होते. मुलांचे निवेदन त्यांच्याही कानांवर गेलेले होते. “काका, तुमचे मत काय?” असे आम्ही विचारले. हातातले काम न थांबवता ते म्हणाले, “फादर, जाळ्यात मासा आला तर तो आमचा. त्याच जाळ्यात दुसऱ्याचं तुटलेलं जाळं आलं, तर ते आमचं नाही. बोयावरची खूण बघायची आणि ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. माणूस सापडला नाही तर जाळं बंदरावर टांगून ठेवायचं, सगळ्यांना दिसेल असं. घरात नाही न्यायचं.” संत थॉमस यांचे नाव त्या वृद्धाने ऐकले असेल की नाही, सांगता येत नाही, परंतु त्यांची सारी विभागणी त्याच्या बोलण्यात आली होती, आणि एक पाऊल पुढे जाऊन.

धनी सापडला नाही तर सर्वांना दिसेल असे टांगून ठेवावे, घरात नेऊ नये. आमच्या मते बुडालेल्या धनाविषयी याहून न्याय्य नियम नाही. नीतिशास्त्राची जुनी पाठ्यपुस्तकेही हेच शिकवीत, की अन्यायाने आलेल्या धनाचा खरा धनी शोधूनही सापडला नाही, तर ते गरिबांसाठी व सर्वांच्या हितासाठी खर्चावे. अन्याय करणाऱ्याने ते आपल्याजवळ ठेवू नये. युनेस्कोने २००१ मध्ये केलेला आंतरराष्ट्रीय करार पुष्कळसा याच दिशेने जातो. शंभर वर्षांहून अधिक काळ पाण्याखाली असलेला वारसा विकता कामा नये, तुकडे करून पांगवता कामा नये, आणि शक्यतो जिथे आहे तिथेच तो जपावा, असे त्यात म्हटले आहे. मादागास्करने २०१५ मध्ये तो मान्य केला. त्याच वर्षी मे महिन्यात सेंट मेरीच्या बंदरातून क्लिफर्ड यांच्या पथकाने ५० किलोंची एक लगड वर काढली आणि चाच्यांची चांदी म्हणून ती समारंभाने राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिली. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी तपासली, तेव्हा त्या लगडीत ९५ टक्के शिसे निघाले! धनाची हाव आणि प्रसिद्धीची घाई यांनी जाणत्यांच्याही डोळ्यांवर पडदा येतो, म्हणून ‘काबो’विषयीच्या ताज्या निष्कर्षाची तपासणीही इतर तज्ज्ञांनी शांतपणे करावी, हे इष्ट.

ठरल्या दिवशी मुले आली. चर्चा सुरू झाली आणि एका मुलीने सर्वांत अवघड प्रश्न विचारला : “फादर, मग वसईच्या चर्चच्या घंटांचं काय?” १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकल्यावर चर्चमधील कित्येक घंटा विजयचिन्हे म्हणून नेण्यात आल्या आणि महाराष्ट्रातील देवळांत टांगल्या गेल्या, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. भीमाशंकरच्या घंटेवर आजही क्रूस आणि १७२९ हे साल दिसते. आम्ही मुलांना म्हणालो, ती घंटा कुणी घरात दडविलेली नाही. तिच्यावरचा क्रूस कुणी खरवडून काढलेला नाही. पावणेतीनशेहून अधिक वर्षे भाविक ती वाजवीत आहेत, आणि ती कुठून आली हे विचारणाऱ्याला मोकळेपणाने सांगितले जाते. पोर्तुगीज सत्तेने या भूमीतील देवळे पाडली होती, हेही त्याच इतिहासात लिहिलेले आहे. दोन्ही पाने न वाचता आपण फक्त आपल्या पानावर बोट ठेवले, तर तो हिशेब खरा होणार नाही. मुले गप्प झाली. सगळ्यांना हे पटले असे आम्ही म्हणणार नाही, आणि पटलेच पाहिजे असा आमचा आग्रहही नव्हता.

मग आम्ही ‘काबो’कडे वळलो. ती हस्तिदंताची पट्टिका कुणाची? ती गोव्यात घडली असावी, असे जाणकार म्हणतात. गोव्यात अशी कोरीव कामे करणारे हात स्थानिक कारागिरांचे असत, आणि हस्तिदंत बहुधा पूर्व आफ्रिकेतून येई. जहाज पोर्तुगालच्या राजाचे. गाळ मादागास्करचा. सापडविणारे अमेरिकन. आणि एक गोष्ट मुलांच्या निवेदनात नव्हती, ती आम्ही त्यांच्या निदर्शनास आणून दिली : त्या जहाजावर मोझांबिकचे सुमारे २०० गुलामही होते, असे संशोधक सांगतात. व्हाइसरॉयांसाठी खंडणी भरली गेली. हिऱ्यांची मोजदाद झाली, ती आजवर छापली जाते. त्या दोनशेजणांचे पुढे काय झाले, याची नोंद नाही. ख्रिस्ताची मूर्ती वरच्या मजल्यावर आणि ही माणसे तळघरात, असे ते जहाज पवित्र मातेच्या नावाने समुद्र कापीत चालले होते. म्हणजे चाचे येण्यापूर्वीच त्या जहाजात चोरीचा माल होता, आणि तो सोन्याहून कितीतरी मोलाचा होता.

“आपल्या वस्तू आपल्याला परत द्या, असे लिहिण्यापूर्वी या दोनशेजणांचे नाव आपण घ्यायला नको का?” एवढेच आम्ही विचारले. निवेदनावर सही करण्यास आम्ही नकार दिला नाही. त्याचा मजकूर बदलण्याची विनंती केली. तुकडे करून प्रत्येकाने आपापला वाटा नेला, तर त्या चाच्याने खलबत्त्यात कुटलेल्या हिऱ्याहून वेगळे काय होणार? गोव्याला मूर्ती, लिस्बनला नाणी, अमेरिकेला चिनी मातीची भांडी, अशी वाटणी झाली की संख्या वाढेल आणि मोल जाईल. त्यांची खरी किंमत एकत्र राहण्यात आहे. एकत्र राहिल्या, तरच त्या सगळी हकिगत सांगू शकतील, आपल्याला अभिमान वाटावा अशी आणि मान खाली घालावी अशीही.

दोन तास वादविवाद झाला. एक तरुण थोडा चिडूनच म्हणाला, “फादर, म्हणजे आपल्याला काहीच मिळणार नाही!” त्याचा राग समजण्यासारखा होता. आम्ही त्याला म्हणालो, “पट्टिकेचे छायाचित्र, तिची हुबेहूब प्रतिकृती, तिच्यावरचा अभ्यास गोव्यात आणि वसईतही यावा, ही मागणी तू स्वतः लिही.” त्याने ती लिहिली, आणि चांगली लिहिली. अखेर निवेदनात चार मागण्या राहिल्या : या वस्तू विकू अथवा पांगवू नयेत, त्या जिथे सापडल्या तिथे सर्वांना पाहता येतील अशा एकत्र जपाव्यात, त्यांची माहिती व प्रतिकृती गोव्याला मिळाव्यात, आणि त्या जिथे मांडल्या जातील, तिथे व्हाइसरॉय आणि चाचे यांच्या नावांआधी मोझांबिकच्या त्या दोनशेजणांचा उल्लेख असावा. या निवेदनावर आम्ही समाधानाने सही केली. त्याला उत्तर येईल की नाही, हे आमच्या हाती नाही.

मुलांनी आणखी एक गोष्ट केली, ती आम्ही सुचविलेली नव्हती. २ नोव्हेंबरच्या, परलोकवासी श्रद्धावंतांच्या स्मरणदिनाच्या मिस्सासाठी हेतू नोंदवायला त्यांच्यापैकी दोघीजणी कार्यालयात आल्या. आमच्या नोंदवहीत मृताचे नाव, गाव आणि मिस्सा अर्पण करणाऱ्याचे नाव, असे रकाने आहेत. नावाच्या रकान्यात काय लिहावे, असे लेखनिकाने विचारले. मुलींनी एकमेकींकडे पाहिले. मग त्यांनी लिहावयास सांगितले : ‘दोनशेजण’. गाव : ‘मोझांबिक’. त्या दिवशी वेदीवरून नावे वाचताना आम्ही ती नोंद सर्वांत आधी वाचली.